दारावरचं पिवळं कापड

५ फेब्रुवारी

दादा,

मला झोप नाही. काल नाही, परवा नाही. आधी कारण सांगते, मग बाकीचं. भिंतीपलीकडच्या लाँड्रीवालीच्या मुलाला गोवर निघालाय, आणि आपला ढब्बू परवापर्यंत त्याच्याच बरोबर जिन्यात खेळत होता. एकाच चमच्याने दोघं कुंडीतली माती उकरत होते.

दवाखान्यातली सिस्टर लाँड्रीवालीकडे आली होती. तिथून आमच्याकडे आली. ढब्बूला बघून म्हणाली, "याला लस झालीय का?" मी म्हटलं, नाही. "का?" डॉक्टर नको म्हणालेत. "कोण डॉक्टर?" मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "ते आता डॉक्टर नाहीत, बाई. त्यांची नोंदणी काढून घेतलीय." लसीने मुलं बिघडतात असं त्यांनी ज्या मुलांवरून लिहिलं, ती मुलं म्हणे नव्हतीच. कागदावरच होती.

ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते आणि रात्री झोपले असते.

जाताना म्हणाली, "सोबत खेळलेल्या मुलाला लगेच दिली, तीन दिवसांच्या आत, तर बऱ्याचदा गोवर टळतो. आज नाही तर उद्या घेऊन ये. त्यानंतर मी काही सांगू शकत नाही."

ह्यांना सांगितलं. हे शीतगृहातून पाळी करून आले होते, हात अजून गार होते. म्हणाले, "दादांना विचार. डॉक्टरांचं सगळं दादाच जाणतात." फोनवर डॉक्टरांचं काही बोलायचं नाही, फोन ऐकतात, असं तूच सांगितलंयस. म्हणून हे पत्र बसवाल्या काकांकडे देतेय. उलट फेरीला उत्तर दे. चार ओळी लिही, पण दे.

तुमच्या लसविरोधी समितीची पिवळी कापडं निम्मी झालीत. तुमचा फोन नंबर काळ्या फितीने शिवतेय. सरळ आकडे पटकन होतात, वाटोळे आकडे जीव खातात, फीत वळत नाही. एवढी कापडं दाराला बांधायची म्हणून वहिनी म्हणाली. कोणाच्या दाराला?

तुझी,
बहीण


९ फेब्रुवारी

भागूबाई,

पत्र वेळेवर पोचलं, पण मी घरी नव्हतो. आम्ही सगळे डॉक्टरांची नोंदणी काढणाऱ्या त्या लोकांच्या कचेरीसमोर धरणं धरून बसलो होतो, तिथेच मांडवात झोपलो. आज आलो आणि पत्र वाचलं. रागावू नकोस. रागावलीस तरी मला काय दिसतंय.

लहानपणी पाल बघितली तरी तू खाटेवर चढायचीस, म्हणून तुझं नाव भित्री भागूबाई पडलं. अजून खाटेवरच आहेस. गोवर तुला निघाला, मला निघाला, आईला निघाला होता. मेलो का आपण? डॉक्टर म्हणतात, हा आजार म्हणजे मुलाच्या अंगाची शाळा आहे. एकदा शिकून बाहेर पडला की जन्माचा पक्का. सुई टोचून त्या शाळेला दांडी मारायची म्हणजे पुढे नापास व्हायचं.

आता नोंदणीचं. हो, काढून घेतली. तो कागद मीही वाचलाय. कागदावरची मुलं खोटी असतील, मी नाही म्हणत नाही. पण आईच्या उशाशी बसलेला माणूस खोटा नव्हता. मोठ्या इस्पितळाने काय सांगितलं होतं आठवतं ना? "आता उपयोग नाही, घरी न्या." आपण आईला हातगाडीवरून आणली. त्या दिवशी कोण आलं? डॉक्टर आले. स्वतःच्या रुमालाने तिचं तोंड पुसलं. जाईपर्यंत एकदा घड्याळ बघितलं नाही. या लोकांना तो माणूस काय लिहितो ते दिसतं. कुठे बसतो ते दिसत नाही.

कापडांचं विचारलंस. ज्या घरात गोवर निघेल त्या घराने ते दाराला बांधायचं. आपल्यातल्या बाकीच्यांनी आपली मुलं तिथे आणून सोबत बसवायची. सगळ्यांना एकदमच होऊन जातो, आई-बापांची टांगती तलवार जाते. डॉक्टर त्याला "सोबत बसवणं" म्हणतात. पत्ता विचारायला, धीर घ्यायला लोक कापडावरच्या नंबरवर फोन करतात. तो फोन माझ्याकडे. तुझ्या वहिनीचाही फोन समितीने दुसरी लाइन म्हणून घेतलाय, म्हणजे मी दोन्ही कानांनी कामाला. अनोळखी नंबर दिसला की घास टाकून उचलतो. आपल्या माणसाला थांबवता येतं, परक्याला नाही.

उरलेली कापडं लवकर पाठव. आणि झोप.

दादा


११ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा ढब्बू दारात पालथी परात घेऊन बस चालवत होता. मला म्हणाला, "तिकीट काढा." ठणठणीत आहे. मी दवाखान्यात गेले नाही. तुझ्या पत्राची वाट बघत होते, आणि पत्र आलं तेव्हा सिस्टरने सांगितलेले दिवस होऊन गेले होते.

लाँड्रीवालीचा मुलगा इस्पितळातून परत आला. आधी शर्टात मावत नव्हता, आता शर्टच त्याला घालून ठेवल्यासारखा दिसतो. मागून हाक मारली तर वळत नाही. कानात काहीतरी झालंय, म्हणे बरं होईल.

मोर्चाचे अंगरखे शिवून झाले. तुमच्या अध्यक्षांनी छातीचं माप कळवलं ते त्यांच्या लग्नातलं असावं. घालून बघितला आणि पहिल्याच घोषणेला काखेत टरकला. मी उसवून पुन्हा शिवला. ते म्हणाले, "तुम्हाला दोनदा काम पडलं." मी म्हटलं, उसवायचं मला काही वाटत नाही, रोजचं आहे. चुकलेली शिवण तशीच ठेवली तर माणूस दिवसभर आखडून चालतो.

एक विचारू का? ती कागदावरची मुलं. एकही खरं नव्हतं का रे?

पिवळ्या कापडाचा तुकडा उरला, त्याची तुझ्या ठमीला टोपी केलीय. तिच्या डोक्याचं माप अंदाजाने घेतलंय.

बहीण


१४ फेब्रुवारी

वन्सं,

ही चिठ्ठी नव्या कापडाच्या गठ्ठ्यात घालून पाठवतेय. गठ्ठा तुम्हीच सोडा. भाऊजींना सोडू देऊ नका.

टोपी मोठी झाली, ठमीचे कान झाकतात. तेच बरं आहे. तुमच्या दादांची भाषणं तरी तिला ऐकू येत नाहीत. घरात आता सकाळी चहाला पण घोषणा असते.

वन्सं, ठमी चालायला लागली. तिला एकही सुई झालेली नाही. मी एकदा विषय काढला तर तुमचे दादा ओरडले नाहीत, आईंच्या फोटोकडे बघत बसले. मग मला पुढे बोलवेना. माझा फोनही गेला, कोणाला विचारायचं म्हटलं तर सोय नाही.

तुम्हाला ते भित्री म्हणतात, पण ऐकतात तुमचंच. म्हणून विचारते. तुम्ही ढब्बूला लस दिलीत का? दिली असेल तर "दिली" एवढंच कळवा. मी ठमीला गुपचूप नेते. मला एकटीला धाडस होत नाही. दोघींनी केलं तर होईल.

वहिनी


१८ फेब्रुवारी

दादा,

ढब्बूला तीन दिवसांपासून ताप होताच. आज सकाळी कानामागून पुरळ सुरू झालं, दुपारपर्यंत पोटावर आलं. डोळे लाल आहेत, उजेड नको म्हणतो.

ह्यांनी लगेच पिवळं कापड काढलं आणि दाराला बांधायला गेले. गाठ बसेना. पोती उचलणारे हात, त्यांना फीत काय सापडणार. शेवटी मीच बांधून दिलं.

दुपारी लोक यायला लागले. टायरवाला जुळ्यांना घेऊन आला. एक शाळेतल्या बाई आल्या, स्वतःची सतरंजी घेऊन, आमची जमीन त्यांना चालली नसती बहुतेक. मुलांना ढब्बूच्या भोवती बसवलं. ढब्बू झोपूनच होता. कोणीच खेळेना, तर बाईंनी त्यांच्या मुलाचा हात धरून ढब्बूच्या गालावर ठेवला. मुलगा म्हणाला, "गरम आहे." बाई मला म्हणाल्या, "तुम्ही किती भाग्यवान, घरबसल्या आला." मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय देणार.

लाँड्रीवाली जिन्यातून वर येत होती. दारातल्या चपला बघून थांबली. "काय गं, बारसं आहे का?" मी म्हटलं, नाही, गोवर निघालाय. तिने आत बघितलं, मुलं बघितली. म्हणाली, "बसा तुम्ही. मी माझ्याच्या कानाचं औषध घेऊन येते."

दादा, तू मात्र येऊ नकोस. रस्ता सगळा उखडलाय, बस हेलकावे खाते, ठमीला उलट्या होतील. इथे पाणी एकच वेळ येतं. ह्यांची रात्रपाळी, दिवसा यांना झोप लागते, घरात मुलं असली की ती मोडते. जागाही नाही. पुढे कधीतरी या, सगळं निवळलं की.

वहिनीला सांग, गठ्ठा मिळाला.

बहीण


१९ फेब्रुवारी

भागूबाई,

तुझं पत्र वाचून मी एकटाच हसलो. रस्ता, पाणी, झोप, जागा! अगं वेडे, मी काय पाहुणा आहे? लग्न झाल्यापासून तुझं हे असंच. पोटात "ये" आणि ओठात "कशाला येतोस". मागे तू असंच "येऊ नकोस" म्हणालीस, मी खरंच आलो नाही, तर सहा महिने ऐकून घेतलं. आता नाही फसणार.

उद्या सकाळच्या बसने आम्ही तिघं येतोय. पाण्याचे कॅन मी घेऊन येतो. जागेचं म्हणशील तर दोन्ही पोरांना एक चादर पुरे. मामाच्या पोरीला आत्याच्या घरचा गोवर मिळाला, घरातल्या घरात काम झालं. लोकांना मी रोज फोनवर सांगतो, सोबत बसवा, सोबत बसवा. स्वतःच्या मुलीला नाही बसवली तर उद्या तोंड कसं दाखवू?

तुझी वहिनीही तयार आहे. सकाळपासून काही बोलली नाही, आवराआवर करतेय. आनंद झाला की ती गप्प होते.

दादा


२२ फेब्रुवारी

हे पिवळं कापड बघून जो कोणी आला असेल त्याला,

दार वाजवू नका. आत कोणी नाही. मूल कडेवर असेल तर खाली ठेवू नका. तसेच मागे फिरा.

मी या घरातली बाई. मी शिवणकाम करते. तुमच्यासमोरचं कापड मीच शिवलंय, तुमच्यापैकी कोणाच्या दारावर असेल तर तेही. ढब्बूला इस्पितळात ठेवलंय. मी त्याचे कपडे आणि चादर न्यायला आलेय, लगेच परत जायचंय. घरात दुसरा कागद नाही म्हणून कापड बेतायच्या कागदावर लिहितेय. मी फार शिकलेली नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गोवर ढब्बूच्या छातीत गेला. काल सकाळी तो श्वास घ्यायचा तेव्हा बरगड्यांच्या मधली कातडी आत जायची. मी मोजमापं घेणारी बाई आहे, मुलाच्या छातीचा घेर मला बोटावर ठाऊक असतो. ती छाती माझ्या ओळखीची नव्हती. हे म्हणाले, "दादांना विचारू." मी म्हटलं, विचारा तुम्ही, मी चालले. मग हे पण आले, चप्पल न घालता. आता ढब्बूच्या तोंडावर हवेची नळी आहे. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, बघू. त्याच्याहून जास्त काही म्हणाल्या नाहीत.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण माझी भाची.

कापडावरच्या नंबरवर तुम्ही ज्याच्याशी बोलता तो माझा दादा. परवा, म्हणजे २० तारखेला, तो वहिनीला आणि ठमीला घेऊन आला होता. मी त्याला येऊ नको म्हणून लिहिलं होतं. का येऊ नको ते लिहिलं नव्हतं. रस्त्याचं लिहिलं, पाण्याचं लिहिलं. त्याला वाटलं मी लाजतेय. ठमी दुपारभर ढब्बूच्या शेजारी एका चादरीत झोपली. मी केलेली टोपी घालून. वहिनी माझ्याकडे बघत होती. तिने मला आधी चिठ्ठीत काहीतरी विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं. मी नुसती मान हलवली, नाही अशी. तिने भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळच्या बसने ते गेले.

सोबत राहिलेल्या मुलाला तीन दिवसांच्या आत लस दिली तर बऱ्याचदा गोवर टळतो. हे मला दवाखान्याच्या सिस्टरने सांगितलं होतं. मी ते दिवस पत्राची वाट बघण्यात घालवले. काल तिथल्या डॉक्टरांना पुन्हा विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. ठमीचे ते तीन दिवस उद्या दुपारपर्यंत आहेत.

मी काल इस्पितळातून दादाला फोन केला. मी कुठे आहे ते कळल्यावर तो म्हणाला, "कोणाला विचारून नेलंस?" मी ठमीचं सांगायला लागले. तो म्हणाला, "तिथूनच आईला परत पाठवलं होतं. विसरलीस?" आणि रडला. दादाला रडताना मी दोनदाच ऐकलंय, आई गेली तेव्हा आणि काल. मग त्याने फोन ठेवला. त्यानंतर माझा नंबर लागत नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा फोन घेऊन केला, तर पहिल्या रिंगला उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला. ह्यांनी केला तर म्हणाला, "तूही तिच्यासारखा भ्यालास?" वहिनीचा फोन समितीकडे, म्हणजे त्याच्याकडेच. पत्र पाठवावं तर बसवाले काका आज सुट्टीवर आहेत. लाँड्रीवालीला विचारणार होते, तिच्या दाराला कुलूप आहे.

ज्यांची मुलं माझ्याकडे येऊन बसून गेली त्यांचे दिवस संपले असतील. टायरवाले, शाळेतल्या बाई, आणि ती हिरव्या स्वेटरवाली मुलगी ज्यांची होती त्या. मला तुमची नावं माहीत नाहीत. मी तुम्हाला पाणी दिलं, त्याऐवजी हे सांगायला हवं होतं. तरी आजच दवाखान्यात जाऊन विचारा, मुलाचं काय करायचं ते. आणि श्वास घेताना बरगड्या दिसल्या तर कोणाला विचारत बसू नका.

कापड मी मुद्दामच काढलेलं नाही. दुमडून टाचलंय, नंबर वर येईल असा. आकडे मीच शिवलेत, बरोबर आहेत.

फोन लगेच उचलेल. त्याच्याशी वाद घालू नका. त्याच्या डॉक्टरांना खोटं म्हणू नका, तेवढ्यावरून ठेवून देईल, आणि मग तुमचाही नंबर लागणार नाही. दादा वाईट नाही. एक माणूस आमच्या आईच्या उशाशी बसला होता, दादा अजून त्याचे उपकार फेडतोय. तुम्ही एवढंच म्हणा, एखाद्या आईशीच बोलायचंय, बायकांचं आहे, वहिनींना द्या. तो देईल. परक्या बाईला तो नाही म्हणत नाही.

वहिनी आली की सांगा, वन्संनी निरोप दिलाय. तिने विचारलं होतं त्याचं उत्तर आहे. मी दिली नाही, म्हणून इस्पितळात बसलेय. तू दे. उद्या दुपारच्या आत दे. एकटीने दे, माझी वाट बघू नको.

तिला कळेल.

मी केला तर तो माझा आवाज ओळखतो. तुमचा ओळखणार नाही. त्यानेच मला लिहिलंय, आपल्या माणसाला थांबवता येतं, परक्याला नाही. तुम्ही परके आहात. मुलाला घेऊन जिना उतरा, आणि खाली पोचायच्या आधी माझ्या दादाला फोन करा.